बंद तारेतले ११० व्होल्ट

नव्या घरात वायरिंगचे काम चालले आहे. भिंतीतल्या पाइपातून तीन वायरी ओढून झाल्या आहेत. त्यांतल्या दोन चालू आहेत, एक फेज आणि एक न्यूट्रल. तिसरी पुढेमागे लागेल म्हणून टाकून ठेवलेली. तिची दोन्ही टोके मोकळी आहेत, ती कशालाच जोडलेली नाही. वायरमन डिजिटल मल्टिमीटरचे एक टोक या तिसऱ्या वायरीला आणि दुसरे न्यूट्रलला लावतो. पडद्यावर आकडा उमटतो: ११०. त्याच दोन ठिकाणी दिवा जोडला तर तो मिणमिणतसुद्धा नाही. दिवा काढला की ११० पुन्हा हजर!

शिक्षकांच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक, मीटर बिघडला आहे. दोन, स्वस्तातले मीटर असेच असतात. यातले दुसरे उत्तर वस्तुस्थितीच्या बरोबर उलट आहे. चांगल्या, महागड्या मीटरवर हा आकडा अधिक मोठा येतो. आणि आपल्या आजोबांच्या वेळचा काट्याचा मीटर लावला तर काटा शून्यापासून जेमतेम हलतो.

मीटरच्या माहितीपत्रकात याचे उत्तर एका ओळीत दिलेले असते: 'इनपुट रोध १० मेगाओम'. पण ही ओळ एकटी वाचून फारसे काही उमगत नाही. ती समजून घ्यायला थोडे मागे, सव्वादोनशेहून अधिक वर्षे मागे जावे लागेल. कारण जोडणी नसताना उमटणारी विजेची खूण ही डिजिटल मीटरची देणगी नाही. विजेचा मीटर बनण्याच्या आधीपासून ती माणसाला चकवत आली आहे.

१७८० च्या दशकात इटलीतल्या बोलोन्या शहरात लुइजी गॅल्व्हानी बेडकांच्या स्नायूंवर प्रयोग करत होते. टेबलावर सोललेल्या बेडकाचे पाय होते, त्यांच्या नसा उघड्या. काही अंतरावर घर्षणाने वीज निर्माण करणारे यंत्र. दोहोंच्या मध्ये कुठलीही तार नव्हती. एका सहकाऱ्याने सुरीचे टोक नसेला हळूच लावले, त्याच क्षणी यंत्रातून ठिणगी पडली, आणि बेडकाचे पाय जोरात आखडले. आज आपण ज्याला 'उगाचच आलेले रीडिंग' म्हणू, ते हेच. मापकाच्या जागी बेडकाचा पाय होता एवढेच.

गॅल्व्हानींनी ते सोडून दिले नाही. कधी पाय उडतात आणि कधी नाही, हे ते एकेक गोष्ट बदलून पाहत राहिले. सुरीची मूठ हाडाची होती. नुसत्या मुठीला धरले तर ठिणगी पडूनही काही होत नसे. बोट मुठीतल्या धातूच्या खिळ्यांना किंवा पात्याला लागले की पाय उडत. म्हणजे सुरी धरणारा माणूस प्रयोगाच्या बाहेर उभा नव्हता. त्याचे शरीर ही त्या मंडलातली एक तार होती. यंत्र विद्युतभारित असताना आजूबाजूच्या वाहकांतले विद्युतभार ओढले जाऊन सरकतात. ठिणगीने यंत्र एकदम रिकामे झाले की ते झटक्याने परत फिरतात. सुरी आणि माणूस यांची वाट मिळाली की हा ओघ नसेतून जातो. हे स्पष्टीकरण गॅल्व्हानींना पूर्णपणे साधले नाही. १७९१ साली छापलेल्या प्रबंधात त्यांनी प्राण्यांच्या अंगातल्या विजेचा सिद्धांत मांडला, व्होल्टांशी त्यांचा वाद झाला, आणि त्या वादातून १८०० साली व्होल्टांची विद्युतघटमाला आली. ती गोष्ट आपण शाळेत शिकवतोच. मुठीतल्या खिळ्यांची गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. आमच्या मते मोजमाप शिकवताना ती अधिक उपयोगाची आहे.

१८२० साली ओर्स्टेडना कोपनहेगनमध्ये विजेच्या तारेजवळ चुंबकसूची वळताना दिसली. त्याच वर्षी श्वाइगर यांनी तारेचे वेढे देऊन हा परिणाम कितीतरी पट वाढवला. बेडकाच्या जागी आता सूची आली. विसाव्या वर्षाच्या आत तिला काम मिळाले ते तारायंत्रात. जरा विचार करून पाहा, तारायंत्र म्हणजे एक मीटर, आणि त्याची प्रोब शेकडो किलोमीटर लांब! एवढ्या लांब प्रोबने नको ते पकडले नसते तरच नवल. १८४७ साली इंग्लंडमध्ये डर्बीहून निघणाऱ्या तारांवर डब्ल्यू. एच. बार्लो या रेल्वे अभियंत्याला दिसले की कोणीही संदेश पाठवत नसताना सूच्या आपोआप डावी-उजवीकडे कलतात. त्याने त्या कलण्याच्या नोंदी ठेवल्या आणि १८४९ साली त्या प्रसिद्ध केल्या. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंड इथल्या तारमास्तरांनी तर आपल्या बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि तारेत आपोआप येणाऱ्या प्रवाहावर संदेश धाडले. सूर्यावरच्या उद्रेकामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात उठलेले ते वादळ होते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही त्या दिवशी चुंबकीय क्षेत्र मोजले जात होते. निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून लिहिलेल्या त्या आकड्यांत सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण दिसते. ते आकडे नव्याने तपासून २००३ साली प्रसिद्ध झाले. एवढ्या मोठ्या घसरणीचे नेमके कारण काय, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत.

पुढे टेलिफोन आला. तो त्या काळातला विजेचा सर्वांत तीक्ष्ण कान होता, आणि म्हणून सर्वांत उपद्रवीही. शेजारून जाणाऱ्या तारायंत्राच्या तारांची कटकट टेलिफोनवर स्पष्ट ऐकू येई. एकाच तारेवर बोलायचे आणि परतीची वाट म्हणून जमीन वापरायची, ही तारायंत्राची पद्धत इथे चालेना. मग दोन तारा आल्या, आणि त्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याची युक्ती आली. शेजारच्या तारेचा त्रास दोघींना सारखाच होतो आणि वजाबाकीत जातो. ग्रॅहॅम बेल यांना याचे पेटंट १८८१ साली मिळाले. संगणकाच्या जाळ्याची केबल सोलून पाहिली तर तोच पीळ आजही दिसतो.

आता मीटरकडे वळू. १८८२ साली द'आर्सोनव्हाल यांनी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये फिरणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा गॅल्व्हॅनोमीटर केला. १८८८ पासून अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी त्याचे उचलून नेता येतील असे भक्कम मीटर बनवले. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांतले काट्याचे व्होल्टमीटर याच घराण्यातले. या घराण्याची एक खोड आहे. काटा हलवायला प्रवाह लागतो, आणि तो प्रवाह ज्याचे व्होल्टेज मोजायचे त्यानेच पुरवायचा असतो. म्हणजे मापून देणारा आपली मजुरी मालातूनच कापून घेतो.

१९२३ साली ब्रिटिश टपाल खात्यातले अभियंते डोनाल्ड मॅकाडी यांच्या कल्पनेतून 'ॲव्होमीटर' बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट आणि ओम, तिन्ही एकाच पेटीत. पुढे त्याचे 'मॉडेल ८' जगभर पोचले. त्या मॉडेलवर डीसीसाठी दर व्होल्टला २०,००० ओम आणि एसीच्या वरच्या रेंजांवर दर व्होल्टला १००० ओम असा हिशोब असे. म्हणजे एसीची २५० व्होल्टची रेंज लावली की मीटरचा रोध अडीच लाख ओम. घरातल्या कामासाठी हा रोध भरपूर वाटतो. मग त्याला आपली तिसरी वायर का दिसत नाही?

इथे थोडा हिशोब करू. शेजारी-शेजारी जाणाऱ्या दोन वायरी आणि मधले प्लास्टिक हा एक कपॅसिटरच आहे. दर मीटर लांबीला ५० पिकोफॅरड आणि लांबी १० मीटर धरली तर ५०० पिकोफॅरड होतात. ५० हर्ट्झच्या एसीला याचा अडथळा सुमारे ६.४ मेगाओम. आपली मोकळी वायर अशा एका कपॅसिटरने फेजशी आणि तशाच दुसऱ्याने न्यूट्रलशी 'जोडलेली' आहे. जोडणी कोणी केलेली नाही, पण ती आहे. दोन्ही अडथळे सारखे, म्हणून मधल्या वायरीवर २३० च्या निम्मे, ११५ व्होल्ट. हे व्होल्टेज खोटे नाही. फक्त त्याच्या मागे, दोन्ही वाटा एकत्र धरल्या तर, ३.२ मेगाओमचा अडथळा उभा आहे. तारेचे टोक थेट न्यूट्रलला टेकवले तरी त्यातून ३६ मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह वाहू शकत नाही.

आता तिथे मीटर लावू. (कपॅसिटरचा अडथळा आणि साधा रोध यांची बेरीज सरळ होत नाही, काटकोन त्रिकोणाच्या बाजूंसारखी होते. वरच्या वर्गातल्या मुलांना हा हिशोब जरूर करू द्या.) १० मेगाओमचा डिजिटल मीटर ११० व्होल्ट दाखवेल. अडीच लाख ओमचा ॲव्हो दाखवेल ९ व्होल्ट, म्हणजे २५० च्या पट्टीवर काटा शून्याला चिकटल्यासारखाच. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. मीटर 'इथे किती व्होल्ट आहेत' हे सांगतच नाही. 'मी इथे लटकलो असताना किती उरले' एवढेच तो सांगतो. ॲव्हो त्या वायरीला वजनदार होता, तिने मान टाकली.

वजनाच्या या तक्रारीतूनच पुढचे मीटर आले. रेडिओच्या काही मंडलांत रोध इतके मोठे असत की काट्याचा मीटर लावताच तिथले व्होल्टेज कोसळे. १९२० च्या दशकापासून निर्वात नळीचे व्होल्टमीटर येऊ लागले. काटा हलवण्याचा प्रवाह आता नळीच्या स्वतःच्या वीजपुरवठ्यातून येई, मोजायच्या मंडलावर भार जवळजवळ पडत नसे. पुढे प्रचलित झालेल्या अशा मीटरांचा रोध साधारण ११ मेगाओम असे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांचे फावले. पण हा मीटर टेबलावरचा, भिंतीतल्या सॉकेटवर चालणारा. तो घेऊन वायरमन शिडीवर चढत नव्हता, त्यामुळे मोकळ्या वायरीतले व्होल्टेज त्याच्या वाट्याला आले नाही.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अँड्र्यू के यांच्या 'नॉन-लिनिअर सिस्टिम्स' या कंपनीने आकडे दाखवणारा व्होल्टमीटर बनवला. तोही अवजड, रिले खटखटवत आकडा शोधणारा. खरा फरक १९७० च्या दशकात पडला. व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारे सगळे मंडल एका चिपवर बसले, द्रवस्फटिकाचा पडदा आला, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर महिनोन्महिने चालणारा मीटर खिशात मावू लागला. १९७७ सालचा 'फ्लूक ८०२०ए' हा त्यातला गाजलेला. त्याचा रोध १० मेगाओम, आणि पुढे हाच आकडा रूढ झाला. प्रयोगशाळेतल्या टेबलावरची तीक्ष्ण नजर आता वायरमनच्या पिशवीत आली. "आमच्या वेळी असली भुते नव्हती" असे जुने वायरमन म्हणतात ते खरेच आहे. भुते होती, पण त्यांच्या मीटरला दिसत नव्हती.

वर्गात हे दाखवायला घरातल्या विजेला हात लावायची गरज नाही, आणि लावूही नये. ९ व्होल्टची बॅटरी आणि १ मेगाओमचे दोन रेझिस्टर (तपकिरी, काळा, हिरवा पट्टा) पुरेत. दोन्ही रेझिस्टर एकापुढे एक जोडून बॅटरीच्या टोकांना लावा. मुलांना आधी विचारा, प्रत्येकावर किती व्होल्ट असतील? साडेचार, असे उत्तर येईल. आता मोजा. १० मेगाओमचा मीटर दाखवेल सुमारे ४.३. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या छोट्या पिवळ्या मीटरांचा डीसीचा रोध बहुधा १ मेगाओमच असतो. तो दाखवेल ३! दुसऱ्या रेझिस्टरवरही ३. मग पूर्ण बॅटरीवर मोजा, तिथे मात्र ९. तीन आणि तीन नऊ कसे? हा प्रश्न फळ्यावर लिहून निदान एक तास तरी तसाच राहू द्यावा असे आम्हाला वाटते. उत्तर सापडले की त्याच आकड्यावरून आपल्या मीटरचा रोध किती, हेही मुले उलटे काढू शकतील. मग एक मेगाओमच्या जागी एक किलोओमचे रेझिस्टर लावून पाहा. सगळे मीटर मुकाट्याने साडेचार दाखवतील.

मीटरची टोके मोकळी ठेवल्यावर डीसीच्या सर्वांत लहान रेंजवर आकडे भिरभिरतात, तेही याच जातीचे. टोके एकमेकांना टेकवली की शून्य येते. शून्य आले म्हणजे मीटर ठीक आहे. खरे तर ते भिरभिरणे याहून पुष्कळ जास्त असायला हवे होते. ते कमी असते कारण हे मीटर क्षणाचे व्होल्टेज मोजत नाहीत, ठराविक काळात आलेल्या व्होल्टेजची बेरीज करतात. अनेक मीटरांत हा काळ १०० मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्यात आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची पाच पूर्ण आवर्तने होतात, वरची अर्धी आणि खालची अर्धी एकमेकांना खाऊन टाकतात. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झची बरोबर सहा होतात. एकाच आकड्याने दोन्ही खंडांची सोय लावली आहे!

एसी मोजताना हा उपाय चालत नाही, कारण तिथे ५० हर्ट्झच मोजायचे असते. आणि तिथेच खरा धोका आहे. मोकळ्या वायरीतल्या ११० ची एकदा ओळख झाली की "हे काय, भुताचे व्होल्टेज" म्हणून आकडा झटकण्याची सवय लागते. पण आकड्यावरून काहीच ठरत नाही. तिसरी वायर फेजला अगदी लागून आणि न्यूट्रलपासून दूर गेली असेल तर रिकामे व्होल्टेज २०० च्या वरही जाईल. उलट पाहा, पंखा चालू असताना त्याची न्यूट्रल वायर पुढे कुठेतरी तुटली. पंखा थांबतो. तुटलेल्या ठिकाणापासून पंख्याकडच्या 'न्यूट्रल' वायरीवर जमिनीच्या तुलनेत जवळजवळ २३० व्होल्ट असतात, आणि त्यांच्या मागे मेगाओम नव्हे, पंख्याच्या वेटोळ्याचे काही शेकडो ओम असतात. मीटरवर दोन्ही ठिकाणचे आकडे सारखे दिसू शकतात. एकाला हात लागला तर कळणारही नाही, दुसऱ्याने जीव जाईल.

या दोन टोकांच्या मधलेही एक उदाहरण अनेक शाळांत सापडते. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर लावलेल्या संगणकाच्या पत्र्याला बोटाची पाठ हलकेच लागली की झिणझिण्या येतात. मीटरने मोजले तर पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट. पुन्हा निम्मेच! कारणही तेच, फक्त इथले कपॅसिटर योगायोगाने झालेले नाहीत. विजेतला गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी संगणकाच्या वीजपुरवठ्यात फेजपासून पत्र्याला एक आणि न्यूट्रलपासून पत्र्याला एक असे दोन कपॅसिटर मुद्दाम बसवलेले असतात. ते ४.७ नॅनोफॅरडचे असले तर पत्र्यातून जमिनीकडे सुमारे एक तृतीयांश मिलिअँपिअर प्रवाह येऊ शकतो. आपल्या तिसऱ्या वायरीच्या नऊ-दहा पट. यात दोष संगणकाचा नाही, तो प्रवाह ज्या वाटेने जायचा ती अर्थिंगची वाटच सॉकेटमागे जोडलेली नाही. दुरुस्त करायचे आहे ते सॉकेट. कारण उद्या आत खरोखरच फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर त्या वेळीही हीच वाट लागणार आहे.

खरे-खोटे ओळखायचा उपाय मीटर बनवणाऱ्यांनी शेवटी शोधला तो असा: काही मीटरांत आता एसी-डीसीच्या जोडीला कमी रोधाची एक वेगळी जागा असते. तिथे बटण फिरवले की मीटरचा रोध १० मेगाओमवरून काही किलोओमवर येतो. ३ किलोओम धरले तर आपल्या तिसऱ्या वायरीवरचे ११५ व्होल्ट एक दशांश व्होल्टवर येतात, आणि तुटलेल्या न्यूट्रलवरचे आकडे फारसे हलत नाहीत. रोध वाढवत नेण्यासाठी शंभर वर्षे खपल्यानंतर तो पुन्हा कमी करण्याचे बटण बसवावे लागले, आणि ते ॲव्होपेक्षाही खाली उतरते. जुने वायरमन हेच काम होल्डरला दोन वायरी लावलेल्या दिव्याने करत. उघडी टोके आणि फुटणारी काच यांमुळे तो दिवा वापरू नये असे आता सांगितले जाते. ६० वॅटच्या त्या दिव्याच्या तारेचा रोध पेटलेला असताना सुमारे ८८० ओम असतो, आणि थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.